सगळ्यांना नोकरी

बाबा गेल्यावर हाती आलेली पुंजी एकदाच खर्च होणार होती, म्हणून धाकटीचे पैसे भरण्याआधी थोरली त्या छोट्या खासगी कॉलेजच्या प्रवेश कक्षात हटून बसली.

“सगळ्यांना नोकरी लागते म्हणता, तर इथून शिकलेल्या एकाला तरी भेटवा.”

टेबलापलीकडची मुलगी हसली. “भेटवायचं काय त्यात, ताई! समोर बसलेय की. निकाल लागला त्याच आठवड्यात मला नोकरी.”

“आणि तुमच्या वर्गातले बाकीचे?”

मुलीने मान मागे वळवली. तिच्याच वयाचे चौघे जण पालकांना फोन लावत होते. “हे काय, सगळे इथेच.”

धाकटी कानाशी पुटपुटली, “ताई, भर ना गं. जागा संपतील.”

थोरलीने काढलेला चेक पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि धाकटीचा हात धरून ती उठली. तशी ती मुलगी धावत दारापर्यंत आली. तिचं हसू मावळलं होतं.

“ताई, असं नका ना करू. यंदा प्रवेश झाले नाहीत, तर आम्हाला घरी बसवतील. हिला येऊ द्या. ही शिकून बाहेर पडेपर्यंत मी हिच्यासाठी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवीन.”