बाईंची आठवण

"आणि एखाद्या घरातलं माणूस गेलं, तर हे मला सांगेल?" बाईंनी विचारलं.

कंपनीकडून आलेल्या तरुणीचं बोट पडद्यावर थबकलं. वॉर्डातल्या घराघराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर दाखवायला सकाळपासून आलेल्या तिघांपैकी ती शेवटची. पहिल्याने नुसते रंगीत आलेख दाखवले. दुसरा प्रत्येक माणसाला 'मतदार' म्हणत होता. त्याला बाईंनी चहा पाजून वाटेला लावलं.

"कुणी भरलं तर सांगेल," ती म्हणाली. "न भरलेलं त्याला कुठून कळणार?"

"मी भरेन ना," बाईंची मुलगी म्हणाली. ऑफिस तीच सांभाळायची.

"मग हेच घेऊ," बाई म्हणाल्या. सरळ बोलणारी माणसं त्यांना आवडत.

बाई आधी शाळेत शिकवायच्या, मग नगरसेविका झाल्या. वॉर्डातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. कुणाचा नळ कोरडा, कुणाच्या दारात गटार तुंबतं, कुणाची सून रुसून गेली, सगळं तोंडपाठ.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. शिंप्यांच्या गल्लीत लोक वाट बघत बसले आणि बाई गेल्याच नाहीत. "अगं, चहा पिताना सांगितलं होतं मी तुला," मुलगी म्हणाली. बाईंना चहा आठवत होता, बोलणं आठवत नव्हतं.

मग म्हातारे पोस्टमन गेले. बाईंच्या पहिल्या निवडणुकीत सायकलवरून दारोदार फिरलेला माणूस. बाईंना ते कळलं बाजारात कुणीतरी बोललं तेव्हा. त्यांना जाऊन चार दिवस झाले होते.

"मी त्याच दिवशी सांगितलं, आई. तू 'हो, निघते' म्हणालीस." सांगता सांगता मुलीला रडू फुटलं.

बाई रडल्या नाहीत. घाबरल्या. त्यांच्या आईने शेवटी शेवटी त्यांनाच 'तुम्ही कोण?' असं विचारलं होतं. डॉक्टरकडे जायचा त्यांना धीर होईना.

म्हणून हे सॉफ्टवेअर. रोज दुपारी बाई सांगत, मुलगी टाइप करे. हा पटकन तापतो, आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग बोलायचं. हिच्याशी थोरल्या मुलाचा विषय काढायचा नाही. कधीकधी मुलगीच थांबवून विचारी, "आणि हा ऐकतो कुणाचं?" पोर किती मन लावून करतेय, या विचाराने बाईंना भरून येई. आपण रिकाम्या होत चाललोय, पण वाया जात नाही, असं त्यांना वाटे.

निवडणूक जवळ आली. पक्षाची माणसं ऑफिसात जमली. बाई म्हणाल्या, "या वेळी मी नाही. हिला उभी करा."

"आई, नको गं," म्हणत मुलीने मान खाली घातली. बाईंनीच तिचा हात धरून वर केला. टाळ्या पडल्या.

आता एकच काम उरलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच पोस्टमनच्या घरी गेल्या. इतके दिवस पाऊल उचललं नव्हतं. पोस्टमनच्या बायकोने दार उघडलं, हाताला धरून त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं.

"वहिनी, मला माफ करा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी विसरले. डोकं साथ देत नाही आता."

"विसरलात?" वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुम्हाला कुणी कळवलं होतं कुठे? तुमची लेक आली होती ना त्या दिवशी सकाळीच. म्हणाली, आईला ही बातमी सोसायची नाही, कुणी फोन करू नका, घरी येऊ नका, वेळ बघून मीच सांगेन. मी सगळ्या गल्लीला तसं बजावून ठेवलं. म्हटलं, बरं वाटलं की येतीलच आपल्या बाई."

वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आता कसं आहे तुमच्या छातीचं दुखणं?"