व्हॉल्व्हवरचा बुडबुडा

दम्याने नारायणकाका अंथरुणाला खिळले, तेव्हापासून त्यांची सायकल गोव्यातल्या साखळी गावच्या घरी पडून होती. औषधं आणायला लेक सुविधाने ती दुरुस्तीला काढली.

शेजारच्या सुदेशने तुंबलेला व्हॉल्व्ह साफ केला, हवा भरली आणि ती गळते का बघायला सवयीने थुंकीचं बोट लावलं. बुडबुडा फुगला, आत ओढला गेला, पुन्हा फुगला.

आतल्या खोलीत काकांची धाप चालू होती.

"सुविधा, बघ गो, ट्यूब तुज्या बाबांच्या धापेवर चलता."

सुविधा हसली.

सुदेशने दोन बोटांनी व्हॉल्व्हचा नट आवळला. बुडबुडा थांबला.

आतली धापही थांबली.

"सुदेशबाब," सुविधा हळूच म्हणाली, "नट सैल कर."

सुदेशने पक्कड लावली, अंगातला सगळा जोर लावला. नट फिरेना.