ओकबुनच्या हातची चव

"मावशी, आजही आमटी खारट झालीय."

वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या गिबोमने सोयाबीनच्या आमटीचा वाडगा बाजूला सारला आणि नुसत्या भाताला हात घातला. ओकबुनची पळी हवेतच थांबली. तिने स्वतः चाखून मीठ घातलं होतं. या पोराच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी असताना याच खानावळीत तिच्या हातची आमटी ओरपली होती, आणि हा तिला मीठ शिकवणार!

"आधी तुझी जीभ तपास," ती फणकारली.

बोलली खरी, पण लगेच दोन पावलं मागे सरली आणि मास्क नाकावर ओढला. या साथीत जिभेची चव बिघडते, हे गिबोमनेच मोबाइलवरून मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं. गेल्या आठवड्यात तो सेऊललाही जाऊन आला होता. आणि आतल्या खोलीत तिची नव्वदी गाठलेली सासू निजली होती.

ओकबुनने वाडगा उचलला. मग जिना, कठडे, दारांच्या कड्या ब्लीचने पुसायला घेतल्या. दुकानदार हल्ली ब्लीचमध्येही पाणी घालतो, मेला! तिने अख्खी बाटली बादलीत उपडी केली.

संध्याकाळी गिबोम खोकत खाली आला. मागून त्याच्या शेजारच्या खोलीतली दासोल आली. तिचे डोळे लालभडक.

"मावशी, घसा चुरचुरतोय. खिडक्या उघडू?"

"तिथंच थांब! याचं तुलाही लागलं ना?"

"आम्हाला काही नाही झालं. दोघांनी तपासलं, काही निघालं नाही."

"परीक्षेत कॉप्या करणारी तुम्ही! तपासणीचं तेवढं खरं सांगणार?"

दासोलने गिबोमकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? उद्या सकाळी बोचकी उचला. म्हातारीला काही झालं, तर तुमच्या आईबापांच्या दारात जाऊन बसेन!"

तिने शेगडीवर मासे ठेवले, भाताची पेज घेतली आणि आतल्या खोलीत शिरून दार घट्ट लावून घेतलं. इथे कसलं भय नव्हतं. तिने मास्क गळ्याशी ओढून घेतला. नेहमीसारखी चमचाभर पेज फुंकली, ओठांना लावून पाहिली, मग सासूबाईंना भरवली.

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं.

"आता तुम्हीही नखरे करा," ओकबुन हसून म्हणाली. एकेक घास फुंकत, चाखत तिने जवळजवळ वाडगा संपवला. म्हातारीने मधेच नाक मुरडलं, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही. ही एवढी खोली तिने राखली होती.

दारावर दासोलच्या धाडधाड थापा पडल्या.

"मावशी! मासे जळून कोळसा झालेत! रस्त्यापर्यंत वास गेलाय, तुम्हाला येत नाही?"

दाराच्या फटीतून धूर आत सरकत होता. ओकबुनने श्वास ओढला. आणखी जोरात ओढला. नाकाला काहीच कळलं नाही.

चमचा अजून तिच्याच ओठांशी होता, आणि सासूबाईंनी सवयीने आ वासला.