अस्सल रडणं

"वहिनी, त्या दिव्यांकडे बघू नकोस म्हणावं त्याला," नाटक कंपनीतल्या म्हाताऱ्या रंगभूषाकारानं बजावलं होतं. "नाटकातल्या नटाला उजेडाकडे तोंड करायची खोड असते. हे सिनेमाचे दिवे डोळे खातात." तिनं ते हसण्यावारी नेलं. नवरा नाटक सोडून सिनेमात गेला म्हणून म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, असं तिला वाटलं होतं.

आज सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन ती स्टुडिओच्या दारात उभी होती. सकाळी नवऱ्याच्या पापण्या सुजून चिकटल्या होत्या. "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतंय," एवढंच म्हणून तो कामावर निघाला. तिला घरात राहवलं नाही.

माणसाच्या उंचीचे चार दिवे चरचरत जळत होते. मधोमध तो हात पसरून, सवयीनं नेमकं त्याच उजेडाकडे तोंड करून उभा. गालांवरून पाण्याच्या धारा.

"वाहवा!" दिग्दर्शकानं मांडीवर थाप मारली. "परवापर्यंत या गड्याच्या डोळ्यातून टिपूस निघत नव्हतं! आज बघा, मुक्या सिनेमात हुंदका ऐकू येतोय. पुन्हा एकदा!"

म्हाताऱ्याचं बोलणं आठवून तिला आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"रडत नाहीये तो!" ती ओरडली. "डोळे भाजलेत त्याचे!"

"बाई, मध्ये येऊ नका. रीळ फुकट जाईल."

"जाऊ दे की! रीळ दुसरं मिळेल. डोळे कुठून आणाल, आजोळहून?"

मुलीचं तोंड खांद्यात दडवून ती तरातरा गेली आणि दिव्यांना पाठ करून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अगं, काय हे? इतकं छान जमलं होतं," तो कुजबुजला.

"हिला घे."

त्यानं हात पुढे केले. ते मुलीपासून वीतभर बाजूला, हवेतच थांबले.

"बरं, न्या त्याला घरी," मागून दिग्दर्शक म्हणाला. "तोवर नायिकेचं उरकून घेऊ."

गेल्याच आठवड्यात नाटकातून आलेली विशीतली पोर पुढे झाली, दिव्यांसमोर उभी राहिली आणि तिनं झोकात मान वर केली.

"बघू नकोस गं तिकडे!" नवऱ्याला धरून दाराकडे निघालेली ती किंचाळली. पोर तिलाच हसली.

एका हातावर मूल, दुसऱ्या हातात नवरा. ती बाहेर पडली. तिच्याकडे तिसरा हात नव्हता. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर आत डोकावा आणि त्या पोरीला विचारा, बाई, तुला दिसतंय ना?