शेवंताकाकूंची चाल

पुढच्या बाईची चाल आपोआप उचलणारे मोटारीचे गुडघे बसवलेल्या बारा जणी हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. झुलत्या साकवावर सगळ्यांची पावलं एकाच तालात पडू लागली आणि पावलागणिक साकवाचा हेलकावा वाढत गेला.

"मेले थांबतच नाहीत!" नलूताई गुडघे दाबत ओरडल्या.

जुन्या, दुखऱ्या गुडघ्यांवर मागून येणाऱ्या शेवंताकाकू कठडा धरून सगळ्यांच्या पुढे गेल्या. "आता माझ्यामागून चला गं!"

त्यांचं एक पाऊल लांब, दोन आखूड, मध्येच एक फरपटत. एकीपाठोपाठ एकीच्या गुडघ्यांनी ती चाल उचलली, ताल विस्कटला आणि साकव शांत झाला.

पलीकडे यजमानीण दारातच थबकली. तेराही जणी लंगडत येत होत्या.

"अगं बाई, झालं काय?"

"काही नाही," नलूताई म्हणाल्या, "काकूंनी चालायला शिकवलं."