कुरतडलेलं पान

लेकीच्या सासरी, साकोलीला, परसातल्या टमाटरच्या झाडांवरच्या अळ्या मी वेचत होते. त्यांची हिरवी लाळ बोटांना अशी चिकटली, की हात धुवावा की तोडावा कळेना.

"पाह्य वो चंद्रकांता, पान हातानं चुरलं का कसा उग्र वास सुटते. अळीनं कुरतडल्याले वासच नाही. थुंकी लावून खाते मेली, झाडाले बोंबही मारू देत नाही," मी लेकीला म्हटलं.

माहेरी हिचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. आज नुसती मान हलली.

ओठावरची तंबाखूची लाळ पुसत जावई गोड हसले. "आई, तुमच्या लेकीले इथं काही त्रास होऊन राहिला काय, विचारा बरं."

"नाही ना माय," ती त्यांच्याकडे बघूनच पुटपुटली.

मी राखेनं हात घासले. "तुझीही पिशवी भर, बाई. पाचची एसटी आहे."