पहिला भाग फुकट

फौजेतून परतून हरिचंदला बावीस वर्षं झाली, पण लढाईबद्दल त्यानं घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. बायकोनं, अनुसयाबाईनं, विचारलंच, तर एवढंच म्हणायचा, "थंडी लई व्हती."

दिवाळीला माहेरी आलेल्या निलमनं टीव्हीवर युद्धाची नवी मालिका लावली. पहिला भाग फुकट होता, पुढचे विकत घ्यायचे होते. "बापू, घेण्याजोगी हाय का, तुमीच सांगा."

अर्धा भाग पाहून हरिचंद एकदम उसळला. "खोटं हाय समदं! बर्फात पाय गारठल्यावर बूट असे ओढून काढतेत व्हय? माझे पाय गुरदयालनं आपल्या पोटाशी धरले व्हते, पार उजाडेपर्यंत." मग गुरदयालच्या थट्टा निघाल्या, त्याच्या आईची पत्रं निघाली, दोघं लढले ती टेकडी निघाली. सांगता सांगता हरिचंद रडलाही आणि खळखळून हसलाही.

"म्हंजे घ्यायची न्हाई?" निलमनं विचारलं.

गुरदयाल हे नाव अनुसयाबाईनं आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती म्हणाली, "घे बाई, घे. पुढच्या भागांत बी काही ना काही चुकलंच असंल."